उजव्या बटणाखाली

शुक्रवारी निनाद आला, म्हणाला, मॅडम, तुमचं व्हर्जन फार जुनं झालंय.
म्हटलं, माझंही.
तो हसला नाही. पेनड्राइव्ह लावला
आणि बेलापूरच्या अकरा सेक्टरात, तिसऱ्या मजल्यावर,
अठ्ठावीस टक्के, एकोणतीस टक्के बघत बसला.

सोमवारी सगळं पांढरंशुभ्र.
कोपरे गोल, अक्षरं जरा बारीक,
वरच्या पट्टीवर ओळखीचं एक चित्र नाही.
चालेल म्हटलं.
पण शब्दावर गेले, उजवं बटण दाबलं,
आणि जिथे बारा वर्षं ‘अर्थ पाहा’ होतं
तिथे: कापा. चिकटवा. टिप्पणी जोडा.
बोट तरीही चौथ्या ओळीपाशी जाऊन थांबलं,
नव्या फ्लॅटमध्ये रात्री दिव्याचं बटण
जुन्या भिंतीवर चाचपतो आपण, तसं.

खरं सांगायचं तर अर्थ मला माहीत असतात.
बहुतेक. निदान अर्धे.
तरी बघायचे.
कुलूप लावल्यावर एकदा ओढून बघतोच ना.

शब्द होता ‘स्लूस’.
खारजमिनीचा दावा, बासष्ट सालचा करार,
बांध, मिठागर, उधाणाचं पाणी, आणि मध्येच हा.
‘पाणी सोडण्याचे दार’ लिहिलं. खोडलं.
‘जलद्वार’ लिहिलं.
ते एखाद्या सोसायटीच्या कमानीवर शोभलं असतं.

मग मेनू उघडले. सगळे.
संदर्भाखाली तळटीपा. समीक्षेखाली शब्दसंख्या,
आणि मोठ्याने वाचून दाखवणारी एक बाई,
तिने ‘कूळ’ला ‘कूल’ म्हटलं, मी तिला गप्प केलं.
निनादला फोन लावला.
‘गूगल का नाही करत तुम्ही?’
अरे, घरातला नळ कुठे गेला विचारतेय मी
आणि तू टँकरवाल्याचा नंबर देतोस.

चार वाजता हिराजी चहा घेऊन आला. दिवाळ्याचा.
टेबलावरच्या नकाशापाशी थोडा रेंगाळला.
त्यालाच विचारलं:
बांधाला एक दार असतं बघ,
ओहोटीला उघडतं, भरतीला आपोआप मिटतं...
‘उघारी,’ तो म्हणाला, कप ठेवता ठेवता.
‘आमी उघारी बोलताव.
साखर कमी हाय आज, चालंल ना?’

उघारी. म्हणजे कागदावर उघाडी.
त्याच्या तोंडात ड बसत नाही, माझ्या दाव्यात र चालत नाही,
आणि सावे वकिलांना यातलं काहीच नको,
त्यांना हवा आधार. छापील. पान क्रमांकासकट.

पावणेसहाला सापडलं. मी नाही शोधलं.
डबा पिशवीत घालताना कोपर ऑल्टवर टेकलं होतं,
माउस शब्दावर, बोट दाबलं गेलं,
आणि उजवीकडून एक पट्टी सरकत आली.
वर भिंग, खाली रिकामी चौकट: शब्द लिहा.
म्हणजे काढलं नव्हतं कुणी.
नुसतं आत ठेवलं होतं,
पाहुणे येणार म्हणून वस्तू आत ठेवतात तसं,
आणि ठेवणाऱ्याने नोकरी बदलली.

खोटं कशाला, मी टाळी वाजवली. एकटीनेच.
मग अधीरपणे टाइप केलं: उघाडी.
गोल फिरलं, फिरलं.
निकाल नाही.
तुम्हाला ‘उघडी’ म्हणायचे आहे का?

नाही, मला उघडी म्हणायचं नाहीये.
शब्दाखाली लाल नागमोडी रेघ,
नकाशात खाडी काढतात तशी.
तिच्यावर उजवं बटण: शब्दकोशात जोडा.
जोडला.
थोडा विचार करून ‘उघारी’ही जोडला.
मशीनला काय, दोन्ही सारखेच अनोळखी.

दिवे घालवले. पंखा बंद केला.
ती पट्टी बंद कशी करायची ते मात्र सापडेना.
असू दे रात्रभर उघडी.