एकूण

न्हाणीघराची फरशी तेवढी बदलायची होती.
एस्कोने तीन फरश्या उचलल्या
आणि पहार खाली ठेवली.
तुळईत बोट खुपसलं,
ओल्या पावात जावं तसं गेलं.

"अजून सहा हजार युरो. कदाचित आठ."
माझ्याकडे पाहिलं नाही,
तेवढी लाज राखली त्याने.

बोटीच्या इंजिनाचे चार.
इर्मेलीच्या दाढेचे दोन;
ती म्हणाली, डावीकडून चावेन.

रात्री टॉर्च घेऊन वाकलो.
शाबूत राहिलेल्या एका खांडावर
पेन्सिलीची बेरीज, जुन्या मार्कांत,
कुणा सुताराची:
लाकूड, खिळे, पुन्हा लाकूड.
एकूण दोनदा खोडलेलं.

सकाळी एस्को ते झाकणार.
त्याआधी त्याची पेन्सिल मागून घेतली,
त्याच्याखाली आमची बेरीज मांडली.

एकूण रिकामं ठेवलं.