पौंडाला दहा

पट्ट्यावरून स्कॅलप येतात, शिंपल्यातून काढलेले, पांढरे, थंडगार,
आणि मी हातमोज्यातल्या बोटांनीच ओळखते:
पौंडात दहा बसतील ते डावीकडे,
वीस बसतील ते मधे,
फुटके-तुटके खाली, निळ्या बादलीत.
अठरा वर्षं झाली. डोळे मिटले तरी चुकत नाही.
चवीत काही फरक असतो का, कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

न्यू बेडफर्डच्या गोदीवर फेब्रुवारीचा वारा हाडं चावत फिरतो.
त्याच महिन्यात फॉर्म आला.
सरकारी शाळा, फी नाही, बस फुकट,
सहावीला जागा साठ, अर्ज सहाशे बारा.
पाचवीचे मार्क, एक परीक्षा, शिक्षकांची दोन पत्रं,
आणि पालकांसाठी एक रिकामा चौकोन:
तुमचं मूल वेगळं कसं, ते दीडशे शब्दांत लिहा.

तीन रात्री मी त्या चौकोनासमोर बसले.
इवान्द्रा दात घासताना गुणगुणते, हे लिहू?
बाप बोटीवर गेला की पहिल्या रात्री
चुकून त्याचंही ताट मांडते, मग तसंच राहू देते, हे?
शेवटी तिनंच लिहिलं, माझ्या नावानं.
मी खाली सही केली,
शिफ्टच्या कागदावर करते तशी, न वाचता.

परीक्षेला दोघं बरोबर गेली,
ती आणि वरच्या मजल्यावरचा आदेरितु.
तिच्या पेन्सिलीचं टोक दारातच मोडलं.
त्यानं आपली दिली, आणि स्वतः
बोटभर उरलेल्या थोटकानं पेपर सोडवला.
याला मार्क नव्हते.

एप्रिलमध्ये तिचं पाकीट जाड आलं,
त्याचं पातळ. प्रतीक्षायादी, क्रमांक चौदा.
त्याची आई जिन्यात भेटली. माझ्याच पट्ट्यावर असते, समोरच्या बाजूला.
"छान झालं," म्हणाली,
आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
मी म्हटलं, "चौदा म्हणजे काही फार लांब नाही."
चौदा म्हणजे किती,
हे आम्हा दोघींना कुणी शिकवायला नको होतं.
त्या दिवशी पट्ट्यावर आम्ही फक्त हवेबद्दल बोललो.

यादी ऑगस्टमध्ये नवावर थांबली.

सप्टेंबरपासून आमच्या स्वयंपाकघरात दिवा मालवत नाही.
बीजगणित, प्रयोगवही, आणि लॅटिन,
जी म्हणे कुठंच कुणी बोलत नाही.
पहिल्या चाचणीत एकसष्ट.
ती रडली नाही. दप्तर न उतरवता बसून राहिली.
"तिथं सगळेच पहिले आहेत, माई,
आणि तरीही कुणीतरी शेवटचं असतंच."
मी काही बोलले नाही.
डावीकडच्या ढिगातही मोठे-लहान असतात,
ते मला रोज दिसतं, पण मुलीला कसं सांगायचं?

मग एकदा ती पाठ करत होती: मारे, समुद्र. मानुस, हात.
मी कांदा चिरता चिरता म्हटलं, मार. मों.
तिनं मान वर केली.
पिस्किस, ती म्हणाली, परीक्षा घेतल्यासारखी.
पेशि, मी म्हटलं. मासा. आणखी काय असणार?
आमच्या बेटावरून आजी जे शब्द घेऊन आली
त्यांचे खापरपणजोबा माझ्या मुलीच्या वहीत बसले होते,
आणि मास्तर म्हणत होते, मेले.

पुस्तक घेऊन ती जिन्यात पळाली.
आता संध्याकाळी दोघं तिथंच बसतात,
आदेरितु एक पायरी वर.
ती लॅटिन विचारते, तो क्रिओलमधून अंदाज बांधतो,
बरेचदा बरोबर.
चुकला की दोघं हसतात. कधी कधी फक्त ती हसते.

शुक्रवारी निळ्या बादलीतले तुकडे आम्हाला स्वस्तात मिळतात.
लसूण घालून परतते, एक वाडगा वर पाठवते.
रिकामा वाडगा परत येतो, धुऊन, पुसून,
कधी आत दोन लिंबं.
या शुक्रवारी आला नाही अजून.
जिन्यातला दिवा चालू आहे. आवाज एकाचाच येतोय.