वजावट

वीस तारीख. कन्ना चौकातल्या ऑफिसात
पंखा गरम हवाच ढवळतोय.
बिराजदार सर म्हणतात, चिट्याल मेडिकलचं रिटर्न आधी घे,
उशीर झाला की रोजचा दंड.
मी गठ्ठा सोडते.
तीन शून्य शून्य चार : औषधं.
मूळ किंमत चारशे,
चोवीस केंद्राचे, चोवीस राज्याचे.
हे बिल मी ओळखते.
हा अम्माचा दम्याचा पंप.

अम्मा सगळंच विड्यांत मोजते.
हजाराला दोनशे. लाईट बिल म्हणजे पाच हजार.
माझं बी.कॉम. किती हजारांचं,
ते तिनं कधी सांगितलं नाही.
परवा पंप हातात धरून म्हणाली,
"इंदुलो टॅक्स एंता?"
अठ्ठेचाळीस, म्हटलं.
पानावरची कात्री थांबली नाही.
"म्हणजे दोनशे चाळीस.
नऊ कट्टे, वर पंधरा."
मग खोकली.
खोकल्यात मोजणी हुकली,
पुन्हा पहिल्यापासून.

सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं :
कर कोणी भरत नाही गं, पुढे सरकवतो.
कंपनी एजन्सीकडे, एजन्सी चिट्यालकडे,
आणि जो तो आपण भरलेला वजा करून घेतो.
मी वहीत लिहून घेतलं.
चिट्यालच्या पुढे कोण,
विचारायचं राहिलं.

चिट्यालच्या पुढे अम्मा.
अम्माच्या पुढे घरकुलाची भिंत.
दम पुढे सरकवता येत नाही.

पूर्वी विडीवर वेगळा उपकर होता,
त्यातून विडीवाल्यांचा दवाखाना चालायचा.
लहानपणी मी तिथलं गुलाबी औषध प्यायलेय,
बाटली घरून न्यायची.
मग सगळे कर एका मोठ्या करात विरघळले.
अम्माचं कार्ड अजून ट्रंकेत आहे,
प्लास्टिकच्या पिशवीत,
फोटोत ती तिशीची, नाकात दोन चमक्या.

दर उतरला त्या संध्याकाळी
मी रिक्षानं घरी आले, चक्क रिक्षानं.
अम्मा, बाराचे पाच! अठ्ठावीस वाचले.
"एकशे चाळीस," ती म्हणाली,
आणि सूप मांडीवरून खाली ठेवलं.
उंबऱ्यावर जाऊन बसली.
समोर कुणाची तरी पोरं टायर पळवत होती.
एकशे चाळीस विड्यांइतका वेळ
ती नुसती बसून होती,
हात उघडे, तळव्यांना तंबाखूचा पिवळा.

दुसऱ्या दिवशी चिट्याल म्हणाला,
जुना साठा आहे ताई, छापील तेच घेणार,
पुढच्या महिन्यात बघू.

अम्माला सांगितलं. ती हं म्हणाली.
रात्री दोनदा जाग आली,
दोन्ही वेळा कात्रीचा आवाज.
सकाळी सुपात
हजारावर एकशे पंचावन्न होत्या.

वरच्या पंधरा कशाच्या,
चेकरच्या छाटीच्या की आणखी कशाच्या,
मी विचारलं नाही.
चुकून घेतलेली वजावट
व्याजासकट परत भरावी लागते,
हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.