त्रेचाळीस पावलं

केमियार्वीच्या टोकाला, जिथे डांबरी रस्ता संपतो
आणि समोर तळं आहे की शेत
हे फक्त उन्हाळ्यातच कळतं,
तिथे हिल्क्का राहते. वय अठ्ठावन्न.
फिरत्या वाचनालयाची बस चालवते,
घसरलेली बस नुसत्या मनगटानं सरळ करते.
रात्री अकरानंतर
तेच मनगट तिचं ऐकत नाही.

रंगीत मणी. तीन जुळले की फुटतात,
फुटले की वरून आणखी येतात.
एवढंच.
पातळी दोन हजार तीनशे सात.
"हा शेवटचा," ती म्हणते, अगदी हळू,
शेजारी कुणी झोपलेलं असावं अशा बेतानं.
घरात दुसरं कुणी नाही.

शपथा घेऊन झाल्या.
फोन कपाटात, कपाटाला कुलूप,
आणि किल्ली गाऊनच्या खिशात.
चोराच्याच हाती जामदारखाना.

एका शनिवारी म्हातारा एस्को बसमध्ये चढला,
पुस्तक परत द्यायला, न वाचता, नेहमीसारखं.
तीस वर्षांपूर्वी दारू सोडलेला माणूस.
तिच्या डोळ्यांखाली बघत म्हणाला,
"निश्चय-बिश्चय मी काही केला नव्हता.
बाटली तळ्यापलीकडे ठेवली.
होडी वल्हवायचा मला भारी कंटाळा."
"आणि हिवाळ्यात?"
"हिवाळ्यात चालत गेलो. दोनदा."

तेव्हापासून रात्री फोन लाकडांच्या खोपीत.
दारापासून त्रेचाळीस पावलं.

पहिल्या रात्री ती नऊ मिनिटं टिकली.
मग बूट, कोट, टोपी,
बाहेर उणे सव्वीस.
फोन गारठून बंद पडलेला.
त्याला काखेत धरून ती अंधारात उभी राहिली
कोंबडी अंडं उबवते तशी,
आणि पडदा उजळला तेव्हा तिला आनंद झाला,
आणि त्या आनंदाची लाज वाटली.

सकाळी अंगणात सगळं लिहिलेलं असायचं.
जाताना लांब ढांगा.
येताना पावलं आखूड, वाकडी,
बोटं चालवत आलेली.
बर्फासारखा कारकून नाही,
खाडाखोड करू देत नाही.
मंगळवारी दोन फेऱ्या. बुधवारी एक.
गुरुवारी फक्त अकरा पावलं, आणि तिथे
एक तुडवलेला खळगा,
जिथे ती बराच वेळ उभी राहिली असावी,
आणि मग परत दाराकडे.
ती अकरा पावलं ती कॉफी पिता पिता
खिडकीतून पुन्हा पुन्हा बघत होती.

फेब्रुवारीत एका रात्री ती हरली.
साफ हरली.
तीन वाजेपर्यंत मणी फुटत राहिले,
मग चोरासारखी जाऊन फोन खोपीत ठेवून आली.
सकाळी दार उघडलं तर अंगण कोरं.
पहाटे बर्फ पडून गेला होता.
एक पाऊल नाही, एक खळगा नाही.

कुंपणापाशी एस्को, पायात स्की, मिशांवर दहिवर.
"शाबास," तो म्हणाला. "गेली नाहीस."

गप्प बसायला काय लागतं?
साक्षीदारच फितूर झाला होता.
तिच्या तोंडात "हो" आलासुद्धा,
उबदार, तयार.

तिनं बूट चढवले.
कोऱ्या बर्फात उतरली
आणि खोपीपर्यंत चालत गेली,
एकेक पाऊल नीट दाबून, मोजत,
त्रेचाळीस.
वळली.
एस्कोनं हसणं किंवा समजूत काढणं, काहीच केलं नाही.
बराच वेळ बघून म्हणाला,
"येताना आखूड टाक.
येताना आखूड असतात."

त्या रात्रीचं मला ठाऊक नाही.
बर्फ वितळायला अजून दहा आठवडे आहेत.
मग अंगणात गवत येईल,
आणि गवत काही लक्षात ठेवत नाही.
हिल्क्का आत्तापासूनच
त्या गवताचा विचार करते.