तबकडी

राजारामपुरीत साडेआठशेला घेतली.
"नुसता ठेवायचा, भावा," अस्लम बागवान म्हणाला,
"वायरचा विषय संपला."

वायर होतीच,
तबकडीपासून भिंतीपर्यंत.

रात्री फोन ठेवला. हिरवा ठिपका लागला.
विडा मांडल्यागत बघत बसलो दोघं.
मध्यरात्री पोरीचा मेसेज आला असणार पुण्याहून,
फोन थरथरला, बोटभर सरकला.
सकाळी अकरा टक्के,
पाठ नुसती कोमट.

उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर
जॉबचा मध्य काढतोय मी,
केसाएवढा फरक चालत नाही मला.
ह्या बिनवायरच्या बयेलाही
तेच पाहिजे.

आता तिच्यावर खडूनं फुली मारलीय.
फोन तिथंच ठेवतो, श्वास रोखून.

जुनी वायर उशाखाली असते,
पिनेजवळ चिकटपट्टी,
जायच्या आदल्या दिवशी
पोरीनं गुंडाळलेली.