डावा पीळ, उजवा पीळ

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
माझं वायरकट मशीन. केसाएवढी पितळी तार,
पाण्यात ठिणग्या,
दिवसभर डाय आणि पंच, पंच आणि डाय.
लावण्या चिट्याल आली ती एप्रिलात, भर बाराला,
ओढणीत डोकं गुंडाळून, मुठीत पेनड्राइव्ह :
"इरण्णा, स्पायरल बीम कापायचेत."

बीम म्हटलं की सोलापुरात
आधी ताण्याचा बीम आठवतो,
दोघांच्या खांद्यावरून बोळात वळताना
रिक्षा अडवून धरणारा.
मग स्लॅबखालचा.
तिचा पत्र्यातला निघाला :
बांगडीत मावेल अशी चकती, अर्धा मिलिमीटर जाड,
आत तीन हात, भोवऱ्याच्या जाळीसारखे
वळत वळत काठाकडून मध्याकडे,
एकमेकांना कुठेही न शिवता.
मध्ये भिंग बसणार.
भिंगानं पुढंमागं सरकावं,
पण मान कुठंच कलू देऊ नये.
एवढंच मागणं.
माणसांकडून एवढंही होत नाही, मी म्हणालो.
ती हसली नाही. मायक्रॉन सांगत राहिली.

पहिली चकती लाइट गेल्यानं गेली.
दुसरीत तार तुटली.
तिसरी मी स्वतः तेल पुसून
पेपरात गुंडाळून दिली, पैसे नंतर म्हणालो.
आठ दिवसांनी परत.
"मान कलत नाही. पण पुढं सरकताना
जरा फिरते."
"किती?"
तिनं सांगितलेला आकडा इतका लहान होता
की मला राग आला.

तिचे वडील राजेशम त्या दिवशी सोबत होते,
गिरणीत डबलिंग खात्यात एकतीस वर्षं,
आता गिरणीच्या जागी नुसती चिमणी.
स्टुलावर बसून त्यांनी चकती
अंगठ्यानं दाबली, सोडली, दाबली.
मग म्हणाले, मराठीत, जपून,
परक्याच्या घरी बोलावं तसं :
"एकेरी सूत हाय हे. सैल सोडलं की
गरकन फिरणारच.
दोन सुतं उलट्या पिळानं एकत्र घाला की.
मग गप बसतंय."

लावण्या काही बोलली नाही.
पेन माझ्याच खिशातून काढलं,
चलनाच्या पाठीवर तेच तीन हात
उलट्या दिशेनं काढले.

ऑगस्टात तिनं आम्हाला केगावला नेलं.
खोलीत काळे पडदे, चपला बाहेर.
हिरवा लेसर एका काचेतून गेला,
काचेवर म्हणे गोल जिना कोरलाय,
डोळ्याला न दिसणारा.
भिंतीवर पडलं एक कडं.
मध्ये काळं.
"काच खराब हाय का?" राजेशम पुटपुटले.
"नाही नायना. तिथं सगळे एकमेकांना खोडतात.
तो अंधार बनवलेला आहे."
मग तिनं साधा उजेड त्यात मिसळला,
आणि भिंतीवर
माझी चकती.
तेच तीन हात, तोच घेर,
फक्त स्टील नाही, तारेची खूण नाही,
बर काढायची गरज नाही.
आरशावरून परतवला : उजवा पीळ डावा झाला.
दोन्ही एकत्र सोडले, डावा, उजवा,
आणि फिरणं थांबलं,
सहा पाकळ्या, जागच्या जागी.

राजेशम बराच वेळ बघत राहिले.
चादरीवर असं फूल पाडायला
किती पंचकार्ड लागायची, ते तोंडातल्या तोंडात
तेलुगूत मोजत असावेत.
"हे लागतं कशाला?"
"धुळीच्या कणाहून बारीक मणी
हात न लावता फिरवता येतो."
"हात न लावता," ते म्हणाले,
आणि आपली बोटं बघितली,
सुतानं पेरांवर पाडलेल्या चरा.

दोन चकत्यांची जोडी आता
तिच्या टेबलावर आहे, भिंग धरून, गप.
बिल अजून युनिव्हर्सिटीत अडकलंय.
तिसरी, ती एकटी, तिनं परत दिली.
मशीनवर खिळ्याला टांगलीय.
रस्त्यानं सिमेंटचा ट्रक गेला
की तिचा मधला भाग हलतो,
पुढं, मागं,
आणि जरासा फिरतो.