रकाना

गिरडची काळीपिवळी, पुसाची थंडी,
काचा चढवलेल्या, आत माणसं चौदा.
भोयरांचा प्रज्वल नागपूरहून आलेला,
मुठीत पेनाएवढं काहीतरी.
"धूर नाही मावशी, वाफ आहे नुसती."
गाडीभर स्ट्रॉबेरी झाली.

निर्मलाच्या मांडीवरची चिनू,
जिनं स्ट्रॉबेरी पाहिली ती कंपासपेटीच्या झाकणावर,
नाक वर करून ओढत राहिली,
पुन्हा,
अजून.

मी आशाताई. लोकांना सांगत फिरते.
त्या दिवशी बोलले नाही.
तीन गावं तर राहिली होती.

रात्री फोन:
"ताई, पोरीच्या छातीत शिट्टी वाजून रायली."

सकाळी दवाखान्यात फॉर्म भरला.
चूल? गॅस आहे.
घरात बिडी? कोणीच नाही.
शेजारी तुराट्या जाळतात? नाही.
पुढे रकानाच नव्हता.
समासात पेन्सिलनं लिहिलं: वास गोड होता.
मग, गाडीत मीही होते.

चिनूच्या तोंडावर मास्क,
मशीन घुरघुरतंय, पांढरी वाफ निघतेय.
मास्क जरा उचलून विचारते,
"याले वास नाही का वं?"

नाही.
ओढ, बाई. ही ओढ.